शंभरपट वाकलेला पूल

हाडांच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी मायलेकी बसल्या होत्या. लेकीच्या मांडीवर लॅपटॉप होता.

“अगं बाई! हा पूल झोळीसारखा लोंबतोय की!”

“खरा नाही लोंबत, आई. गाड्यांच्या वजनाने तो किती वाकेल, ते सॉफ्टवेअर शंभरपट करून दाखवतं.”

“उगाच कशाला घाबरवायचं?”

“एरवी डोळ्यांना दिसतच नाही गं. पण आमचे साहेब चित्र बघूनच हादरतात. म्हणून मी पुलाच्या प्रत्येक बिंदूचे मूळ आकडे बाहेर काढते आणि माझ्या प्रोग्रॅमने खरं चित्र काढते. हे बघ.”

“हा तर सरळच आहे!”

“वाकलाय, पण नखाएवढा.”

“थेट तुझ्या मावशीसारखं! फोनवर म्हणाली, पाय गेला, आता कायमची अंथरुणाला खिळले. ही बघ, आली आतून चालत. काय गं, काय म्हणाले डॉक्टर?”

“जरासा मुरगळलाय म्हणे.”

“ऐकलंस? हिचेही मूळ आकडे काढून ठेव बाई.”

“काय काढायचं ते काढा. पण ‘जरासा मुरगळलाय’ म्हटलं असतं, तर तुम्ही दोघी हातातली कामं टाकून धावत आला असतात का?”

“...बरं, चल. आता चार दिवस माझ्याकडेच राहायचं.”

“चारच?”