एल्झीच्या रेकॉर्डवरची शिवी

...नाही, लावा, लावा! सकाळपासून चौथ्यांदा लावा त्या एल्झी टार्प्लीची रेकॉर्ड! मी न्हाव्याकडे दाढीला आलोय की जिवाला चटके लावून घ्यायला? तुम्हाला सांगतो, अख्खं मिसिसिपी आज ज्याच्या गाण्यानं डोळे पुसतं ना, त्याला शिकवलं कुणी? मी! या होझियानं! बाटलीचा गळा बोटात घालून गिटारच्या तारेवरून घसरवायचा कसा, मी दाखवलं! आणि रेकॉर्ड कुणाची? त्याची!

मेम्फिसला हॉटेलच्या खोलीत रेकॉर्डिंग होतं. भिंतींना गोधड्या टांगलेल्या, जुलैचा उकाडा, दोघंही गेलो होतो. आधी मी बसलो. रेकॉर्ड कंपनीचा साहेब म्हणतो, "पाय आपटू नकोस, मेणाच्या तबकडीवर धडधड उमटते." आणि पायाखाली उशी सरकवली! आता पाय आपटल्याशिवाय आपलं ब्लूजचं गाणं होतं का हो? ताल गेला, बोटं अडखळली, सगळाच विचका! "पुढचा!" म्हणाला साहेब.

पुढचा म्हणजे एल्झी. शिकवलं कुणी? मी! आणि काय वाजवलं मेल्यानं... खोटं कशाला बोलू? चाल माझीच, पण माझ्यापेक्षा गोड! अंगाची नुसती लाही लाही झाली. ऐन मधल्या कडव्यात ओरडलो, "मर मेल्या! हात झडोत तुझे!"

तबकडी बिघडावी म्हणून हो! अगदी मनापासून!

पण आपल्याकडची रीत... शनिवारी नाचाच्या झोपडीत कुणी रंगात आला की आपण काय "वाहवा" म्हणतो? शिव्याच घालतो! जितकी घाण शिवी तितकी मोठी दाद! गाणं संपलं आणि एल्झी गळ्यात पडून रडायलाच लागला. "होझिया, बारा वर्षांत कधी बरं म्हटलं नाहीस रे... आज पहिल्यांदा!" काय सांगणार कपाळ? "हो रे बाबा," म्हटलं.

रेकॉर्ड शिवीसकट निघाली. शिवीसकट गाजली!

आता तीस वर्षांनी त्याला उत्तरेत कुठल्याशा मोठ्या जलशाला बोलावलंय. काल माझ्याही दारात मोटार! मी लगेच गिटारवरची धूळ झटकली. तर मोटारीतून उतरलेला जलशाचा चष्मेवाला म्हणतो, "गिटार राहू द्या हो. तुम्ही फक्त मधल्या कडव्यात शिवी घालायची."

बायको भडकली, "काही मानबिन आहे की नाही तुम्हाला? जायचं नाही!"

जाणार आहे, मंडळी. काल एल्झी ओसरीवर बसून वाजवत होता. सत्तरीला टेकलाय, दात पडलेत, आणि हरामखोर अजून तस्साच गोड वाजवतो... शिवी काय, आपोआप येईल तोंडात.