दोन हात, दोन लेकरं

नाई नाई ताई, बरोबर करून राह्यल्या तुम्ही. कोणाचं लेकरू असं कोणाच्याही हाती देऊच नाई — मी असती तर मीही नसतं देल्लं — पण ही मायीच पोरगी आहे. म्हणजे मायी नाई, माया देराची. नलू नाव सांगतलं ना तिनं? मंग. आन् आई दवाखान्यात आहे म्हणली असन. तेही खरं आहे. मोहिनी, मायी जाऊ, बाळंत झाली, सिझर झालं म्हणून अजून तिथंच आहे, देर तिच्याजवळ राह्यते, आन् नलू इथं नालवाडीले मायाजवळ. मी मोठ्याई तिची. तुम्ही आंजीच्या म्हणल्या ना, तिकडेही मोठ्याईच म्हणतात ना चुलत्याच्या बायकोले? हां. मोठी आई. म्हणजे आईच्याही वरची.

पटत नाई? थांबा. तिच्या फ्रॉकच्या खिशात हात घाला. घाला ना, काही होत नाई. कांदा निघन, पांढरा. निघाला? आता हे पाहा — अंकुश, इकडे ये रे, खिसा दाखव ताईले — हा मायावाला पोरगा, याच्याही खिशात तसाच कांदा. ऊन लागू नाई म्हणून घरून निघताना मीच ठेवला दोघाच्या खिशात, एकाच माळेतला. आता कोणती पोरं पळवणारी बाई कांदा ठेवते पोरीच्या खिशात? तवा काही भेद नाई केला बाप्पा मी. याले मोठा आन् तिले लहान, असं नाई केलं. — भेदाचं कोणी म्हणलं? नाई, तुम्ही काहीच नाई म्हणल्या. मीच म्हणली. खाई त्याले खवखवे, दुसरं काय.

बसू द्या ना मले इथं जरासं. ती बसू द्या तुमच्याच मांडीवर, मी नाई ओढत तिले. पाणी पेते का नलू? नाई पेत. बरं. — काही नाई ताई, वारं सुटलं ना, तुम्ही होत्याच, पाह्यलंच तुम्ही कसं सुटलं ते. चांगलं पाच वाजेचं ऊन होतं, दोघं त्या लहान्या रेलगाडीत बसून झाले होते, गोला खाऊन झाला होता, जीभ लाल करून एकमेकायले दाखवून राह्यले होते. आन् आकाशपाळण्याच्या लाइनीत उभं राह्यलो तं एकाएकी धूळच धूळ. समोरचा माणूस दिसेना. त्या कमानीचा फ्लेक्स फाटला, वरतून टिनाचा पत्रा खडखडखडखड करत आला, बाया बोंबलल्या, सारा मेळा एका बाजूनं पळाला. त्या गर्दीत हात सुटला तिचा. सुटते ना ताई? एवढ्या गर्दीत सुटतेच हात. कोणाचाही सुटते.

आणाचंच नाई असं म्हणलं होतं मी. पण अंकुश ऐकते का? मेळा लागला तवापासून जीव खाऊन राह्यला माया. ह्यायले म्हणलं तं हे म्हणतात, मले दुकानातून सवड नाई, तूच ने. आन् नलू — नलूनं काहीच मागतलं नाई. मागतलं असतं तं बरं झालं असतं. आई दवाखान्यात गेली तशी बोलतच नाई पोरगी. वाढलं ते खाते, म्हणलं तिथं झोपते. पाव्हण्यासारखी राह्यते. त्या घरात जनमली ती, आन् पाव्हण्यासारखी राह्यते. म्हणूनच आणली ताई मी तिले. म्हणलं हसन पोरगी. आन् हसलीही. त्या रेलगाडीत बसून हात हलवत होती ना मले, तवा मी मोबाईलवर फोटो काढला आन् मोहिनीले पाठवला, खाली लिहिलं, तुयी लेक मजेत आहे, काळजी करू नको. तिनं लगेच हात जोडल्याचं चित्र पाठवलं. हात जोडले हो तिनं मले.

तुमच्या मागं काऊन आली म्हणता? तुमच्या ह्या दुपट्ट्यानं. लाल, पिवळ्या ठिपक्याचा. सिंदीच्या बाजारातून असेच दोन आणले होते मी उन्हाळा लागल्यावर, एक मोहिनीले, एक मले. माया हा पाहा. आन् त्यात तुम्ही तोंड बांधलेलं, निरे डोळे उघडे. आपल्या इकडे मे महिन्यात कोण कोणाले ओळखते? बसस्टँडवर मी मायाच नणदेले म्हणलं होतं, सरका हो बाई जरा. हसली किती ती! तं पोरीनं दुपट्टा पाह्यला आन् धरला. मले वाटलं मलेच समजून गेली असन तुमच्या मागं, माया दुपट्टाही तसाच ना. बरं वाटलं मले, खोटं काहाले बोलू. म्हणलं मोठ्याईले शोधत होती पोरगी. आताच, तुम्ही तिचं नाक पुसून राह्यल्या होत्या तवा विचारलं तिले मी. तं काय म्हणली, ऐकलं ना तुम्ही? “मले वाटलं आई आली.” मंग मी म्हणलं, बाई, मी तं तिथंच होती, मायाजवळ काऊन नाई आली? तं म्हणते, “तू अंकुशले घेऊन गेलती.”

पाह्यलं होतं तिनं मले. उभी राहून पाह्यलं.

सुटला नाई ताई हात. सोडला मी. दोन हात होते, दोन लेकरं होती, बरोबर होतं सारं. या हातात अंकुश, या हातात नलू. आन् तो पत्रा आला ना वरतून, तं माये दोन्ही हात अंकुशवर गेले. दोन्ही. त्याचं डोकं पोटात घेतलं आन् पळाली तिकीटघराच्या आडोशाले. मी ठरवलं नाई हो काही. इतका विचार कराले वेळ कुठी होता? विचार केला असता तं दोघायले धरलं असतं. हातायनं परस्पर केलं ते. मंग हात कोणाचे आहेत? मायेच आहेत. आपला तो बाब्या आन् लोकाचं ते कार्टं, असं दुसऱ्या बायायले मीच म्हणत होती आतापर्यंत.

आन् तेवढंच असतं तं मी म्हणलं असतं, जाऊ दे, माणूस आहे. पण तिकीटघरापाशी उभी राह्यली, अंकुशच्या डोळ्यातली धूळ फुकून काढली, त्याचा बूट पाह्यला, कुठी लागलं का ते पाह्यलं. जीव असा थंडा झाला माया. म्हणलं सुटलो देवा. ताई, मले तिची आठवणच नाई आली. अंकुशनं विचारलं, “आई, नलू कुठी आहे?” तवा. तवा आली.

नका पाहू मायाकडे अशा. पाहा, पाहा. पाहाच.

मी तुमच्याजवळ आली तवा तिच्या कानात काय बोलली विचारता? काही नाई. एवढंच म्हणलं, आईले सांगू नको बरं. टाके ताजे आहेत तिचे, दूध उतरून नाई राह्यलं, उगाच घोर लागन तिले. — बाळंतिणीसाठीच म्हणलं. नाई. मायासाठी म्हणलं. मोहिनीनं मायं बाळंतपण केलं होतं ताई. अंकुशच्या वक्ती मायी माय नव्हती, तं सव्वा महिना या पोराले तिनं न्हाऊ घातलं, तवा तिचं नवंनवं लग्न झालेलं. तिचे हात नाई इकडेतिकडे गेले.

फोन वाजून राह्यला. पाहा, तिचाच आहे, व्हिडिओवाला. संध्याकाळी करतेच लेकीले पाहाले. नाई उचलला तं भलतंच वाटन तिले. — हो मोहिनी, हो, मेळ्यातच आहो. वारं आलं होतं थोडंसं. आहे ना, ही काय नलू. बोल बाई आईसंग. गोला खाल्ला सांग. रेलगाडीत बसली सांग.

कशी बोलून राह्यली पाहा. दिवसभर तोंड उघडत नाई. नवा भाऊ काय करून राह्यला विचारते. मोहिनी म्हणते, जेवली का, कोणता फ्रॉक घातला —

काय? काय म्हणली ती? ऐकलं तुम्ही? “आई, मोठ्याईनं माया हात नाई सोडला.”

कोणी विचारलं होतं तिले? मोहिनीनं तं फ्रॉकचं विचारलं. मी तिले सांगू नको एवढंच म्हणलं होतं ताई, तुमच्यासमोर म्हणलं. हे नाई शिकवलं मी. एवढ्याशा पोरीनं माया बोजा उचलला. सहा वर्षाची नाई झाली अजून.

दे नलू. दे बाळा फोन. तू अंकुशसंग बस तिथं, मी इथंच आहो, दोघं दिसून राह्यले मले. ताई, तुम्ही जा आता. नाई, तिची काळजी नका करू, कांदा असू द्या तिच्याच खिशात. जा ना हो. तुमच्यासमोर नाई बोलता येत मले.

हॅलो मोहिनी. काही नाई व, मी रडून नाई राह्यली, डोळ्यात धूळ गेली.

नाई. धूळ नाई गेली. ऐक.