अझ्टेकांच्या तावडीत फ्रेंचांचा राजा

...आणि वर मलाच विचारतात, "पण हे दोघं कधी भेटलेच नव्हते, त्याचं काय?" अहो, नव्हते भेटले! मलाही माहितीय नव्हते भेटले! मधे आख्खा महासागर होता, भेटणार कसे, पोहत? पण टेबलावर महासागर आहे का? टेबलावर हिरवी चादर आहे, पुठ्ठ्याची टेकडी आहे, आणि डॉक्टरकाकांच्या चहाच्या कपाचा गोल डाग आहे, ज्याला आमच्या क्लबात तळं मानतात. डाग चालतो, माझे अझ्टेक चालत नाहीत!

थांबा, तुम्हाला नीट सांगतो. शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली आहे. तिथे दर रविवारी चार म्हातारे जमतात आणि बोटाच्या पेराएवढे शिशाचे सैनिक मांडून मध्ययुगातल्या लढाया खेळतात. फासे टाकायचे, टेपने अंतर मोजायचं, मेलेला सैनिक उचलून बिस्किटाच्या डब्यात ठेवायचा. म्होरके आमचे बाबा, इतिहासाचे प्राध्यापक. आणि बाबांचा नियम असा की इतिहासात जे एकमेकांशी लढले तेच टेबलावर लढणार! आता निवृत्त पोस्टमास्तरांकडे हत्ती आहेत, देखणे हत्ती, पण त्यांचा खरा शत्रू क्लबात कोणाकडेच नाही, म्हणून हत्ती कपाटात. ओव्हरसियरांचे व्हायकिंग, तेही कपाटात. उरले कोण? बाबांचे फ्रेंच सरदार, नखशिखांत लोखंडात मढवलेले, आणि डॉक्टरकाकांचे इंग्रज तिरंदाज. डॉक्टरकाका म्हणजे दाताचे डॉक्टर, दवाखान्यातल्या जुन्या हत्यारांनी ढाली कोरतात. म्हणजे मला कळायला लागल्यापासून त्या टेबलावर एकच लढाई चाललीय, आणि ती बाबा हरतात. दर रविवारी! चिखलात घोडे घालतात, समोरून बाण येतात, डबा भरतो. एकदा म्हटलं, "बाबा, एखाद्या वेळी चिखलाला वळसा घाला की." तर म्हणाले, "त्यांनी घातला नव्हता." संपलं! आणि घरी येऊन आईला ऐटीत सांगतात, "आज अगदी हुबेहूब हरलो."

आणि हा माणूस मला शिकवतो आयुष्य कसं जगायचं!

कॉलेज मी सोडलं. हो, सोडलं, दुसऱ्या वर्षाला. कारण तिथेही हेच! सरांनी पिवळ्या पडलेल्या कागदांवरून वाचायचं, आम्ही उतरवून घ्यायचं, परीक्षेत तेच ओकायचं, आणि प्रश्न विचारला की, "हे अभ्यासक्रमात नाही." तेव्हापासून बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "चिरंजीव सध्या घरी बसलेत." बसलेत! मी काय अंडी उबवतोय? सैन्य रंगवत होतो मी! अझ्टेक! जुन्या मेक्सिकोतले लढवय्ये, ठिपक्याठिपक्यांचं कातडं पांघरलेले, डोक्यावर पिसं, हातात दगडी पात्यांची गदा. एकेक ठिपका चार केसांच्या कुंचल्याने दिलाय, मान धरली, डोळ्यांतून पाणी आलं... आणि क्लबात नेले तर चारही म्हातारे एका सुरात, "वा! सुंदर! पण लढणार कोणाशी? हे आणि आपले फ्रेंच, हे दोघं कधी भेटलेच नव्हते!"

डोकं फिरलं माझं. म्हटलं, "सरळ सांगा ना, हराल म्हणून घाबरता."

खालचं मशीनसुद्धा थांबलं. बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "ठीक आहे. एक डाव. हरलास तर सोमवारपासून मुकाट्याने कॉलेज. प्राचार्यांशी बोलून ठेवलंय मी."

"आणि जिंकलो तर?"

तर हसले हो! सगळे! जिंकलो तर काय, हे ठरलंच नाही, कारण त्यांच्या मते ते घडणारच नव्हतं.

मैदान मांडायचा मान बचाव करणाऱ्याचा, म्हणजे माझा. मी मधोमध काय मांडलं असेल? चिखल! घरचं तपकिरी पायपुसणं, आईच्या नकळत उचललेलं. चिखलापलीकडे एकच तुकडी, पिसं फुलवून, उघडी. बाकी सगळे दोन्ही बाजूंच्या झाडीत. शेंबड्या पोराला कळलं असतं की हा सापळा आहे. बाबांना कळला नाही? कळला! "आमिष लावतोस होय, गाढवा?" म्हणाले. डॉक्टरकाका पंच होते, पण त्यांनाही राहवेना. "प्रोफेसर, घोडे आवरा ना. आधी तुमचे धनुर्धारी पुढे धाडा." तर बाबा ताठ! "डॉक्टर, फ्रेंच सरदार बाजारबुणग्यांच्या मागे उभे राहत नाहीत!" आणि घातले घोडे. कुठून? स्वतःच्याच धनुर्धाऱ्यांच्या अंगावरून! मी ओरडलो, "अहो बाबा, तुमचीच माणसं आहेत ती!"

"मधे बोलू नकोस! हे अस्सल आहे! त्यांनीही असेच घातले होते!"

रुतले. आख्खा फ्रान्स पायपुसण्यात रुतला. मग माझी झाडी हलली... फासा टाकला, सहा! पुन्हा टाकला, पुन्हा सहा! डबा भरला, झाकण बसेना, उरलेले सरदार पोस्टमास्तरांनी रुमालात गुंडाळले. शेवटी निळ्या झग्यातला राजा तेवढा उरला, आणि त्याच्या चारी बाजूंनी ठिपकेच ठिपके. डॉक्टरकाकांनी टेप लावली, घसा खाकरला. "राजा जिवंत सापडला."

बाबा खुर्चीत रेलले. अगदी राजासारखे! "बरं. बोल, खंडणी काय घेणार?" कारण त्यांच्या सरदारांत रीतच तशी, पकडलेला राजा पाहुण्यासारखा ठेवायचा, खंडणी घ्यायची आणि मानाने सोडायचा.

म्हटलं, "बाबा, आमच्यात खंडणी नसते."

"मग?"

"कैद्याला उंच देवळाच्या पायऱ्या चढवतात."

"बरं, आणि?"

"आणि काळीज काढतात."

तो चेहरा तुम्ही बघायला हवा होता! जन्मभर इतिहास शिकवला, आणि आता पुढे काय होतं हे माहीत नाही अशी वेळ त्या माणसावर पहिल्यांदा आली. बारीक आवाजात म्हणाले, "पण... हे दोघं कधी भेटलेच नव्हते रे."

म्हटलं, "आता भेटले!"

डॉक्टरकाकांनी टाळी वाजवली. पोस्टमास्तर उठले आणि कोणाला न विचारता कपाट उघडून हत्ती बाहेर काढायला लागले! मी राजा चिमटीत धरला. "पहिलीच भेट आहे म्हणून खंडणीवर सोडतो. 'कॉलेज' हा शब्द द्या. पुन्हा तोंडातून काढायचा नाही, घरी नाही, पाहुण्यांपुढे तर मुळीच नाही." बाबांनी माझ्याकडे बघितलं, टेबलाकडे बघितलं, आणि हात पुढे केला. राजा दिला, शब्द घेतला! आणि पायपुसणं खांद्यावर टाकून असा जिना उतरलो, असा उतरलो की खाली मशीनवाला हातातलं काम सोडून बघत राहिला!

घरी बाबा आईला म्हणाले, "हरलो. आज काहीतरी वेगळ्याच तऱ्हेने हरलो." आणि हसत होते हो!

शब्द पाळला त्यांनी. 'कॉलेज' एकदाही म्हणाले नाहीत. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी, जे कधी माझ्या खोलीत पाऊल टाकत नाहीत ते आले, आणि पलंगावर पुस्तकांची ही एवढी चळत आदळली. "रविवारी व्हायकिंग विरुद्ध हत्ती. पोस्टमास्तरांचे हत्ती मी खेळवणार, व्हायकिंग तू. हत्ती कशाला बिचकतो ते वाचून ठेव, नाहीतर तुडवीन." आणि तुडवतील हो! आता वळसा घालायला शिकलेत ना! मीच शिकवलं! मग करता काय... सकाळी हत्ती, दुपारी हत्ती, जेवताना हत्ती. लढाई जिंकलो आणि तहात हरलो.

काल आई चहा घेऊन आली ती दारातच थबकली. मी टेबलाशी, पुढ्यात जाडजूड पुस्तक, हातात पेन्सिल. कप तसाच धरून मागे वळली आणि बाहेरच्या खोलीकडे तोंड करून म्हणाली, "अहो, इकडे या! हे दोघं कधी भेटलेच नव्हते!"

मी पान उलटलं. हत्तींचं प्रकरण अजून अर्धं राहिलंय.