मैदानात आम्ही बाया

माहेर माझं मोहाडीचं. बाप कोष्टी, घरात दोन माग, दिवस उगवला का खटक-खटक सुरू, मी अन् माय बाजूले सुताच्या कांड्या भरत बसू. शांत घर मले मानवतच नाई, हे आधीच सांगून ठेवतो तुम्हाले, मंग पुढचं समजन. लग्न करून भंडाऱ्याजवळच्या शहापूरले आली तं इथं हायवे, दिवसभर ट्रकायचा आवाज, म्हटलं चला, हेही बरं झालं. आमचे हे फौजेत होते. सोयरीक आली तवा बाप म्हने मंदे, दूर जा लागन, जाशील का, मी म्हटलं जाईन, मले काय मालूम दूर म्हंजे केवढं दूर.

पहिले सासूजवळच राहिली. मंग ह्यायले क्वार्टर भेटलं, पंजाबाकडच्या छावणीत, तवा मी अन् आमची सुमी, चार-पाच सालाची असन, गेलो आम्ही. थंडी काय सांगू तुम्हाले. आपल्या इथली थंडी शेकोटी पेटवली का पळते. तिथं धुकं असं का आपलाच हात लांब केला तं बोटं दिसत नाई, नळाचं पानी हाताले चावे. अन् तशा थंडीत ह्या लोकायची पीटी. अंधार असतानीच शिट्टी वाजे अन् सारी पलटन बनियान-चड्डीवर मैदानात. मैदान आमच्या क्वार्टरच्या समोरच होतं. खिडकीतून दिसे काहीच नाई, पन आवाज ये, सगळ्यायचे पाय एकदम पडत अन् एक-दो-तीन-चार, एक-दो-तीन-चार. पहिले मले रागच ये. मी म्हनो काहून मारून राहिले माणसायले असे, हे हासत, म्हनत अगं दोन चक्कर मारले का घाम येते. मंग सवय झाली. त्या गिनतीवर माझ्या पोळ्या लाटून होत.

तं एक दिवस हुकूम आला. वर जायचं, बर्फात, कुठं ते आम्हाले सांगत नाई. ट्रक भरले अन् गेले. जाता जाता हे म्हने फोन नाई आला तं घाबरू नोको, तिकडं रेंज नसते. दुसऱ्या दिवशी डोळा उघडला तं शिट्टी नाई. मैदान चुपचाप. मी उठली, बसली, चहा मांडला, बंद केला, पुन्हा बसली. जीव कसा तो लागेच ना. सुमी झोपून होती, तिले पांघरून घातलं, कडी लावली, लुगड्यावर ह्यायची जर्सी घातली, पायात ह्यायचे मोजे, अन् निंघाली मैदानात. कायले निंघाली ते मलेच मालूम नाई. चालत राहिली नुसती, गोल-गोल.

धुक्यातून आवाज आला, कौन है. पायतो तं भाभीजी. सुबेदार साहेबाची बायको, गढवालची पहाडी बाई, साऱ्या क्वार्टरात तिचा धाक. म्हने मंदा, यहाँ क्या कर रही है. मी म्हटलं कुछ नहीं भाभीजी, घर में बैठा नहीं जाता. मले वाटलं आता रागावते. तं ती म्हने मुझसे भी नहीं, अन् माझ्यासंग चालाले लागली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं एकेकीचं दार ठोकलं. चलो बाहर, रोना है तो दौड़ के रोओ. कोनी शाल गुंडाळून, कोनी नवऱ्याचा कोट घालून, साऱ्या बाया लाइनीत. बाजूच्या क्वार्टरातली बबली, हरियाणाची नवी नवरी, ते घुंगट घेऊनच पळे अन् धडपडे, अन् आम्ही हासून हासून बेजार. भाभीजी समोर उभी राहून गिनती बोले, हात वर, हात खाली. तेवढा वेळ डोक्यात काही येत नसे. घरी आलं का पुन्हा तेच, फोन हातात धरून या खोलीतून त्या खोलीत.

मंग टीव्हीवर सांगितलं, वर बर्फाचा कडा कोसळला. कोनाची पलटन, कोन दबलं, काही नाई. विचारा कोनाले? त्या रात्री क्वार्टरात कोनाचाच डोळा लागला नसन. सकाळी भाभीजीनं दार नाई ठोकलं. आम्ही आपापल्याच आलो, ते आधीपासून तिथंच उभी होती.

व्यायाम सुरू होता अन् जीप आली. धुक्यात पहिले फक्त उजेड दिसला. मैदानाच्या कडेले उभी राहिली, तिच्यातून छावणीचे मोठे साहेब उतरले अन् त्यायच्या मॅडम. एवढ्या सकाळी ते दोघं संग कायले येतीन, हे फौजेतल्या बाईले सांगा नाई लागत. पन आम्ही थांबलो नाई, हात वर, हात खाली, कोनी कोनाकडं पायलं नाई. जशी का जे थांबन तिच्याच घरचा निरोप हाये. मॅडम लाइनीजवळून चालत आल्या. बबलीजवळून गेल्या. माझ्याजवळून गेल्या, मले त्यायच्या शालीचा वास आला, अन् मी हात अजून वर नेले. त्या समोर गेल्या, भाभीजीजवळ.

भाभीजीनं पायलं त्यायच्याकडं. गिनती अर्ध्यात होती. तिनं ते पुरी केली. सात, आठ. मंग आम्हाले म्हटलं विश्राम, अन् मंग वळली मॅडमकडं, म्हने बोलिए. आवाज सुदा हालला नाई तिचा. आम्हीच रडलो.

तिले गावाकडं घेऊन गेले. त्याच्या दुसऱ्या दिवशी मैदानात कोनीच नाई. मी खिडकीत उभी होती, उभी राहवेना, तं बाहेर आली अन् बबलीचं दार ठोकलं. म्हटलं चल. ते म्हने दीदी, गिनती कौन बोलेगा. मी म्हटलं मी बोलतो. माझ्या मोडक्या हिंदीत बोलली. हे घरी येईपर्यंत बोलत राहिली.

हे आले तं डाव्या पायाचे दोन बोटं बर्फानं खाल्ले होते. माणूस आला, बोटायचं काय. आता रिटायर होऊन भंडाऱ्याले एका बँकेत गार्ड आहेत, जरा लंगडत चालतात, पन घरी बसवत नाई त्यायले.

अन् पाहा, सुमी. तिनं फौजेच्या भरतीचा फारम भरला तवा मी भांडली तिच्याशी, दोन दिवस जेवली नाई. सुमी म्हने आई, तू मले सांग, नोको जाऊ म्हनून, मी नाई जात. अन् मले ते तोंडातून काढताच आलं नाई हो. आता ट्रेनिंगले आहे, थंड्या मुलखात. मागच्या खेपेले फोनवर म्हने आई, सकाळी बोटं इतके सुन्न होते का बुटाची नाडी बांधता येत नाई, बाजूची पोरगी माझी बांधते, मी संध्याकाळी तिची सोडून देतो. अन् हासून राहिली. मी हासली नाई.

आज रविवार, फोनचा दिवस. दुपार झाली, आला नाई अजून. येईन म्हना. तिकडं लाइन असते पोरीयची फोनले. चौंडेश्वरी माय तिले सुखात ठेवो, अन् तिच्या संगच्या साऱ्यायले, ज्यायची नावं मले मालूम नाई त्यायलेही. तुम्ही बसा, चहा घ्या. मी जरा अंगणातून येतो, आत घरात रेंज पकडत नाई.