अर्धा पासवर्ड ह्यांचा, अर्धा माझा

जबाब देणार : पडदेवाल्या काकू (गल्लीत ह्याच नावाने ओळख, कागदोपत्री नाव सोबतच्या ओळखपत्राप्रमाणे), वय ६३ वर्षे, धंदा पडदे व गाद्यांच्या खोळी शिवणे, राहणार कापडबाजारामागची गल्ली, तळमजला.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी माझ्या पतीसह राहते. पती ड्रायव्हिंग स्कूल चालवत होते. निम्मे गाव त्यांच्या हाताखाली, खरे तर त्यांच्या ओरडण्याखाली, गाडी शिकलेले आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या घशाचे ऑपरेशन झाले, तेव्हापासून त्यांना बोलता येत नाही. ते आत्ता माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले आहेत. त्यांना ऐकू सगळे येते, तेव्हा माझ्याबद्दल त्यांना काही वेडेवाकडे विचारायचे असेल तर जपून विचारावे.

ऑपरेशनच्या आधी मुलीने ह्यांचा आवाज घरच्या कम्प्युटरवर भरून ठेवला. मुलगी परगावी नोकरी करते, तिला त्यातले कळते. हे म्हणाले, मी काय भाषण देऊ? मी म्हटले, भाषण नको, रोजचं बोला. म्हणून त्यात "अगं, माझा चष्मा कुठे ठेवलास," "आज चहात साखर घालायची राहिली वाटतं," असलेच घरचे आणि गाडी शिकवतानाचे बोलणे आहे. एके ठिकाणी ते शिंकतात. मुलगी ती शिंक पुसून टाकणार होती, मी पुसू दिली नाही.

सदर फाइलींना कुलूप का होते, असे साहेबांनी विचारले. त्यावर सांगते की, ऑपरेशननंतर मी बाजारात गेले की हे एकटेच कानाला लावून ऐकत बसायचे, आणि मी परत आले की डोळे लाल. मीही काही कमी नव्हते. हे अंघोळीला गेले की माझे तेच चाले. एकमेकांना पकडल्यावर आमचे भांडण झाले. भांडण म्हणजे मी बोलले आणि ह्यांनी टेबल बडवले. शेवटी मुलीने तोड काढली. तिने सगळ्या फाइली एन्क्रिप्ट केल्या, म्हणजे पासवर्डशिवाय उघडले तर नुसता कचरा दिसतो. आणि पासवर्डचे दोन तुकडे केले. पहिला ह्यांनी ठरवला, दुसरा मी. एकाने टाइप करताना दुसऱ्याने भिंतीकडे तोंड करायचे. ऐकायचे तर दोघांनी मिळून, रडायचे तरी दोघांनी मिळून. तेव्हापासून आम्ही जेवण झाले की शेजारी शेजारी बसून ऐकतो आणि हे स्वतःच्याच विनोदांवर खूश होतात.

मुलीने बजावले होते की प्रती तीन ठेवा आणि त्यातली एक घराबाहेर असू दे. एक कम्प्युटरमध्ये होती, दुसरी डिस्क कपाटात. तिसरी घराबाहेर ठेवायचे काम ह्यांच्याकडे दिले होते. त्यांनी ती शिकवायच्या जुन्या गाडीत, समोरच्या कप्प्यात, काच पुसायच्या फडक्यात गुंडाळून ठेवली. गाडी दारापुढे उभी असते, म्हणजे घराबाहेर झाली की नाही, असे त्यांचे म्हणणे. मला हे काल कळले. मी कपाळाला हात लावला.

काल दुपारी आम्ही दवाखान्यात तपासणीला गेलो होतो. परत आलो तर दाराची कडी उचकटलेली होती. कम्प्युटर नव्हता, कपाट उघडे, डिस्क नाही, माझे शिलाई मशीन नाही. गाडीची किल्ली खुंटीलाच असते, त्यामुळे चोरांनी सगळा माल आमच्याच गाडीत भरून नेला. तिन्ही प्रती एका फेरीत. हे उंबऱ्यावर बसले ते उठेनात. मी म्हटले, अहो, मशीन गेलं तर दुसरं घेऊ. त्यांनी मान हलवली आणि नुसता गळ्याला हात लावला. तेव्हा मला रडू आले, हेही लिहून घ्यावे.

आज सकाळी गाडी एका विजेच्या खांबाला धडकलेल्या अवस्थेत सापडली. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो. शेजारी बसलेल्या चोराने ऐसपैस पाय पसरले असणार, असा ह्यांचा अंदाज आहे, आणि तो कागदावर लिहून दाखवताना त्यांना कालपासून पहिल्यांदा हसू आले. गाडीतला माल चोर घेऊन गेले होते. पण समोरच्या कप्प्यात फडके होते आणि फडक्यात डिस्क.

डिस्क तुमचीच कशावरून, असे साहेब म्हणाले. पासवर्ड सांगा, मी उघडून बघतो. मी म्हटले, अर्धा मला माहीत नाही आणि अर्धा मी सांगणार नाही. साहेबांनी उठून पंखा वाढवला. मग ठाण्यातल्या कम्प्युटरला डिस्क लावली. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले, तिथे हरवलेल्या माणसांचे फोटो लावले आहेत. ह्यांनी टाइप केले. मग हे भिंतीकडे वळले आणि मी टाइप केले. उघडले नाही. परत केले, तरी उघडले नाही. खांबावर आपटून डिस्क गेली असेल, असे कोणीतरी म्हणाले. ह्यांच्याकडे पाहिले तर त्यांची बोटे थरथरत होती, दोन दोन कळा एकदम दाबल्या जात असणार. मी म्हटले, अहो, आपल्याला कुठे घाई आहे? पाणी प्या आधी. त्यांचा हात थोडा वेळ धरून ठेवला. तिसऱ्या खेपेला उघडले.

तरी साहेबांचे समाधान होईना. आवाज ह्यांचाच कशावरून? हे तर बोलत नाहीत, मग जुळवायचा कशाशी? प्रश्न रास्त होता. फाइल तोवर चालूच होती. तेवढ्यात कम्प्युटरमधून हे कडाडले, "अरे क्लच, क्लच दाब! झोपलास काय?" दाराशी उभ्या असलेल्या हवालदारांनी डावा पाय खाडकन जमिनीवर दाबला. मग ते स्वतःच ओशाळले आणि म्हणाले, "साहेब, हे आमचे मास्तर आहेत. लायसन्स मिळेपर्यंत मला रोज असंच झापलंय ह्यांनी." सगळे ठाणे हसले. हेही हसले, आवाज न करता, खांदे हलवत.

डिस्क पुरावा म्हणून ठेवून घ्यावी लागेल, पण सील करण्याआधी साहेबांनी आम्हाला तिची प्रत करून दिली, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. प्रत होत असताना साहेबांनी सहज विचारले, "काकू, समजा उद्या दोघांतलं एक जण नसलं, तर दुसऱ्यानं हे उघडायचं कसं?" मी म्हटले, "साहेब, काहीतरी चांगलं बोला हो." मला वाटले विषय तिथे संपला.

जबाबाचा कागद तयार होईपर्यंत आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो असता, ह्यांनी माझा उजवा हात घेतला आणि तळव्यावर बोटाने अक्षरे काढू लागले. पहिल्या अक्षराला मला वाटले, गंमत करतात. दुसऱ्या अक्षराला कळले की हा त्यांचा अर्धा पासवर्ड आहे. मी म्हटले, मला नको. ते थांबेनात. तिसरे अक्षर पुरे होण्याआधी मी मूठ मिटून घेतली. त्यांनी ती उघडायचा प्रयत्न केला, मी उघडू दिली नाही. मला त्यांचा अर्धा नको आहे, मला हे हवे आहेत. हवालदार दोनदा बोलवायला आले, तरी आम्ही तसेच बसलो होतो, म्हणून आत यायला उशीर झाला.

ती दोन अक्षरे कोणती, ते जबाबात लिहू नये. बाकीचे मी बोलले तसेच लिहिले आहे. साहेबांनी ते आम्हा दोघांना मोठ्याने वाचून दाखवले, आम्ही ते नीट ऐकले, आणि ते खरे व बरोबर आहे. पतींनीही मान हलवून तसे सांगितले. सही डाव्या हाताने केल्यामुळे वाकडी आली आहे, कारण उजवी मूठ अजून ह्यांच्या हातात आहे.