मरीमायचे डोये

आरती : हात लावायचा आणि परत यायचं, आई. दोन मिनिटांचं काम आहे.

मनकर्णाबाई : लावाले दोनच मिनिटं लागतात, माय. मंग तोच हात घेऊन जलमभर राहा लागते.

आरती : सगळ्या गावाने लावला. मरीमायपुढचा भंडारा उचलायचा, देवीचे चांदीचे डोळे मी चोरले नाहीत म्हणायचं, झालं. तुम्ही चोरले नाहीत ना? मग यात खोटं कुठे बोलायचंय?

मनकर्णाबाई : खोटं नाही बोलाचं, हे खरं. पन मी महानुभाव पंथाचा उपदेश घेतला तवा कबूल केलं होतं का परमेश्वर एक, त्याच्याबिगर कोनापुढे हात जोडनार नाही, कोनाच्या नावानं शपथ घेनार नाही. तीस वर्सं झाले त्याले. तुहा सासरा आजारी होता तवा लोकाईनं लय सांगतलं, मरीमायले पानी घाल. तवा नाही घातलं. आता बदनामीच्या भेवानं तिचा भंडारा उचलू का?

आरती : मला खरंच कळत नाही एवढं काय बिघडतं. मी अकोल्याच्या जुन्या शहरात वाढले. आमच्या गल्लीत दोन देवळं आणि एक दर्गा. जिथे हात जोडावेत तिथे मला बरंच वाटतं.

मनकर्णाबाई : मंग तू जोड. तुले कवा आडवलं मी? मरीमायलेबी कवा वाकडं बोलली नाही. तिचा मान तिच्या जागी. माहं मन मी एकाजवळ ठेवलं, येवढंच.

आरती : गाव असं नाही म्हणत. गाव म्हणतं, देवीच्या अंगाला हात लावायची हिंमत तिला न मानणाऱ्याचीच होईल. त्यात शाळेचं स्वयंपाकघर देवळाला लागून. सकाळी सगळ्यांत आधी तिथे तुम्हीच असता.

मनकर्णाबाई : चौदा वर्सांपासून असतो. येवढ्या पोट्ट्याईची खिचडी शिजवली. शायेची एखादी वाटी तरी हरवली का?

आरती : ते मला नका सांगू, नत्थुकाकांना सांगा. बघा, येतच आहेत. देवळाची कमिटी त्यांच्या हातात आणि शाळेचीही. आज शपथ झाली नाही तर सोमवारपासून खिचडी दुसरी बाई शिजवणार.

नत्थुजी : दंडवत, वैनी.

मनकर्णाबाई : दंडवत प्रणाम, नत्थुभाऊ. बसा. आरती, पानी आन.

नत्थुजी : पानी राहू दे. साठ घरं झाले, वैनी. पयली शपथ मी घेतली, सगळ्याईच्या समोर. आता एक तुमचंच घर उरलं.

मनकर्णाबाई : तं घराची झडती घ्या. पेटी उघडीच हाये.

नत्थुजी : झडतीत काय भेटन? चांदी हाये ते. मूर्तिजापूरले एखाद्या सोनाराकडे गेली असन तं आतापर्यंत तिचं पानी झालं. सांजीले मी माह्या हातानं देवीले शेंदूर लावला. डोये जाग्यावर होते, माह्या डोयानं पाहिले. सकाळी पाहतो तं नाही. मधात कोनीतरी हात मारला ना? शपथ घ्या अन् मोकये व्हा. तुमचा मालक माहा जिगरी दोस्त होता, मले का हौस हाये इथी याची?

मनकर्णाबाई : मी तुमाले तोंडानं सांगतो, भाऊ. डोये मी घेतले नाही. कोनी घेतले ते मले माईत नाही. परमेश्वर पाहून राहिला. याच्यावर माह्याजवळ काईच नाही.

नत्थुजी : तोंडाच्या सांगन्यावर गाव कसं मानन? शपथेबिगर गोष्टीले वजन नसते.

मनकर्णाबाई : तं माही गोष्ट बिनवजनाची राहू द्या.

नत्थुजी : असं आडमुठेपनानं नोका करू, वैनी. उद्या लोकं म्हनतीन, नत्थुनं दोस्ताच्या बायकोले सोडलं. सोमवारी शायेची चाबी आनून द्या. माह्याच्यानं दुसरं काई होत नाही.

मनकर्णाबाई : सोमवार कावून? आत्ताच घेऊन जा. आरती, खुटीवरची चाबी दे काकाले.

आरती : आई, अहो…

मनकर्णाबाई : दे, माय. अन् भाऊ, नव्या बाईले सांगजा, खिचडीच्या मोठ्या गंजाचा एक कान ढिला हाये. फडक्यानं दोन्हीकून धरजो म्हना, नाहीतं उकळती खिचडी पोट्ट्याईवर सांडन.

नत्थुजी : सांगतो. येतो मी.

आरती : गेले. चोर म्हणून गेले तुम्हाला, आणि तुम्ही त्यांना गंजाचा कान सांगता. रविवारी शेखर अमरावतीहून आले की आपण पोलिसात जाऊ.

मनकर्णाबाई : नाव कोनाचं देशील? साठ घराचं? न्याय मी परमेश्वराकडे देला, बाई.

आरती : आणि त्याने नाहीच केला तर?

मनकर्णाबाई : दुधाले इरजन लावलं का भांडं घडीघडी हालवून पाहाचं नसते. दही लागाचं तवा लागते. हालवलं तं पानी सुटते.

आरती : तोवर चोर म्हणवून घ्यायचं?

मनकर्णाबाई : ते तं आता म्हनतीनच. तू जेव. दोन जिवाची हायेस.

(सहा महिन्यांनंतर. नवरात्र चार दिवसांवर आलेलं. त्याच घराची ओसरी, सकाळ.)

नत्थुजी : दार लोटून घे, पोरी. मले इकडे येताना कोनी पाहिलं नाही.

आरती : पाहिलं असतं तर काय झालं असतं, काका? सहा महिने या घराची पायरी कोणी चढलेलं नाही. माझ्या डोहाळजेवणाला अख्ख्या गावाला बोलावणं गेलं होतं. एक बाई आली नाही. शेवटी माझ्या विधवा सासूने स्वतः पाच वेळा ओटी भरली माझी. दर वेळी गावातल्या एकेकीचं नाव घेऊन. ही सुभद्राची, ही मायाची. सगळ्यात पहिली कोणाची म्हणाल्या, माहीत आहे? पार्वताबाईंची. तुमच्या घरची.

नत्थुजी : मले… हे माईत नव्हतं.

मनकर्णाबाई : राहू दे, आरती. दिवस भरत आले तुहे, उगाच जिवाले तरास नोको करू. बसा, भाऊ. काय हाये रुमालात?

नत्थुजी : पाहा.

आरती : अगं बाई. डोळे. हे तर मरीमायचे. कुठे सापडले? कोणाकडे होते?

नत्थुजी : कोनाकडेच नाही. तिच्याचकडे होते. नवरात्राची सफाई कराले पहाटे एकटाच गेलो. गरम पान्याच्या फडक्यानं पुसून राहिलो होतो, तं शेंदराचा थर निंगून हातात आला. बोटभर जाड. पलटून पाहतो तं दोन्ही डोये त्याच्या आत रुतलेले.

आरती : म्हणजे चोरी झालीच नव्हती?

नत्थुजी : कायची चोरी. मीच गाडले त्याईले. नवस फेडला तवा दीड किलो शेंदूर तेलात कालवला अन् एकाच सांजीले सगळा लिपला. तवा मले दोन्ही डोयात मोतीबिंदू. ऑपरेशन तं आता भादव्यात झालं. हाताले काईतरी टोचलं, मले वाटलं खडा हाये, दाबून देला अन् वरून शेंदूर फासला. अन् सकाळी मीच बोंब मारली का काल डोये जाग्यावर होते, माह्या डोयानं पाहिले.

मनकर्णाबाई : माय, माय. मंग? गावाले समजलं का?

नत्थुजी : अजून कोनालेच नाही. पयले इथी आलो. वैनी, मी वाटेनं इचार करत आलो. चार दिवसांनी घट बसतात. सांगून देऊ का, मरीमायनं डोये परत आनले म्हून? लोकं चमत्कार म्हनतीन, आजूबाजूचे गावं दर्शनाले येतीन. तुमच्यावरचंबी सगळं पुसल्या जाईन.

आरती : काही पुसलं जाणार नाही. लोक म्हणतील, चोराने घाबरून आणून ठेवले. आणि चोर कोण ते गावाने कधीच ठरवून टाकलंय. थांबा, मी याचा फोटो काढते आणि गावाच्या ग्रुपवर टाकते. तुम्हीही दिसले पाहिजेत त्यात.

मनकर्णाबाई : मोबाइल ठेव खाली.

आरती : आई, याच दिवसाची वाट पाहत होतात ना तुम्ही? न्याय हातात आलाय.

मनकर्णाबाई : आला ना? घरापर्यंत चालत आला, तोबी त्याईच्याच पायानं. मी कावून हिसकून घेऊ? भांडं आताच हालवतेस का, माय. चालू दे त्याईले आनखीन दोन पावलं.

नत्थुजी : तुमाले माहा राग नाही येत, वैनी?

मनकर्णाबाई : येते ना. कावून नाही येनार? परगावच्या वावरात तन निंदाले जाऊन जाऊन कंबर गेली माही. शायेपासून जाताना खिचडी खाली लागल्याचा वास ये, तं डोयाले पानी येत जाय, का पोट्टे हे कसं खात असतीन. रोज परमेश्वराले म्हनो, लवकर कर बावा, मी म्हातारी झाली. भांडली मी लय. पन त्याच्याशी भांडली. तुमच्याशी भांडून काय भेटनार होतं? तुमाले तरी कुठी माईत होतं?

नत्थुजी : पार्वताचा पाय मोडला तवा आठ दिवस भाकरी आनून देल्या तुमी. मी घरात होतो. दाराआड उभा राहो, पन बाहेर नाही आलो.

मनकर्णाबाई : माईत हाये. दाराखालून पाय दिसत तुमचे.

नत्थुजी : तरी रोज आल्या.

मनकर्णाबाई : भाकरी पार्वतासाठी होत्या. तुमीबी खाल्ल्या असतीन तं बरंच झालं.

नत्थुजी : खाल्ल्या ना. अन् मंग चावडीवर जाऊन तुमच्याबद्दल बोललोबी. वैनी, मी भंडारा उचलून खरीच शपथ घेतली होती, का मी चोरले नाही. अक्षर न अक्षर खरं होतं. साठ घरानं खरी शपथ घेतली. अन् सगये खोटे निंगालो. ज्या बाईनं शपथच घेतली नाही, तिची एकटीची गोष्ट खरी होती.

मनकर्णाबाई : खोटे नाही म्हनू, भाऊ. तुमाले दिसत नव्हतं. दिसते असं वाटे, येवढंच.

नत्थुजी : सांगा ना मंग, काय करू मी?

मनकर्णाबाई : ते मले नोका इचारू. मी सांगतलं तं ते माहं म्हननं होईन, तुमचं नाही.

आरती : बघा काका, आताही त्या तुमच्याकडून काही मागत नाहीत. मी खूप चिडायचे यांच्यावर. वाटायचं, एका शपथेपायी सगळं घर वाळीत टाकलं या बाईने. रोज सकाळी उठून शांतपणे नाव घेत बसायच्या, मला वाटायचं यांना काही लागतच नाही. आता कळतंय, सगळं लागत होतं. लागत असून बसायच्या. माझ्याने एक दिवस झालं नसतं.

मनकर्णाबाई : पुरे, माय. माह्यासमोर माही आरती नोको करू.

नत्थुजी : पोरगी बरोबर बोलून राहिली, वैनी. चमत्काराचं डोक्यातून काढलं मी. आत्ता जातो अन् मंदिराच्या भोंग्यावर सांगतो. माहा मोतीबिंदू, माहा शेंदूर, माही चूक, अन् तुमच्यावर घेतलेला आळ, सगळं. लोकं हासतीन तं हासू दे. कमिटी जाईन तं जाऊ दे. अन् घटस्थापनेले तुमचा सत्कार करू. मरीमायच्या पायरीवर, शाल देऊ, देवीचं नारय…

मनकर्णाबाई : देवीचं नारय मी नाही घेत, भाऊ.

आरती : काका, सहा महिने झाले हो.

नत्थुजी : चुकलो. हासू नोको, पोरी. नारय नाही, सत्कारबी नाही. हे तरी घ्या. शायेची चाबी. इथी येताना खिशात टाकून आनली. नवी बाई तशीबी पंधरा दिवसापासून कंटायली हाये. गंजाचा कान ढिलाच हाये म्हने अजून.

मनकर्णाबाई : सहा महिन्यात कोनाच्यानं एक कान नाही बसवल्या गेला? आना इकडे. पन भोंगा पयले, भाऊ. चाबी मंग.

नत्थुजी : बराबर हाये. भोंगा पयले. ठेवतो खिशात.

आरती : आणि मंदिरापर्यंत जाता जाता मन बदललं तर, काका? वाटेत चार लोक भेटतील. कोणी म्हणेल, जाऊ द्या नत्थुजी, चमत्कारच बरा.

नत्थुजी : तुही शंका खरी हाये, पोरी. माहा मलेच भरोसा नाही. म्हनून जाच्या आधी इथीच, तुमच्या दोघीईच्या समोर, मरीमायचे डोये हातात घेऊन शपथ घेतो, का…

मनकर्णाबाई : शपथ नोका घेऊ, नत्थुभाऊ. तुमी तोंडानं सांगतलं. मले पुरे हाये.