तिसरी सही

हॅलो?... हो, बोल छोटे... जरा मोठ्याने बोल गं, पत्र्यावर पाऊस वाजतोय... साइटवरच आहे, सुपरवायझर काकांच्या शेडमध्ये.

अगं कसला थांबतोय. आज बारावा दिवस. वसंत म्हणे. झाडांना पालवी फुटतेय आणि इथे सिमेंटची चाळीस पोती दगड होऊन पडलीत... काम? काम कुठलं. सोमवारी पहिल्या मजल्याचा स्लॅब टाकायचा होता, तो पुढे गेला. गवंडी पत्ते कुटत बसलेत. तुझा दातांचा दवाखाना अजून हवेतच आहे... हो, हसून घे.

छोटे, तुला एक विचारायचं होतं... नाही, आत्ताच. तळघरात पाणी भरलंय... गुडघाभर. माझी चप्पल तरंगत गेली... गाड्यांचं काय, गाड्या कुठे आहेत तिथे अजून... अगं ऐक ना. काका माझ्या शेजारी उभे होते. म्हणाले, "मॅडम, तुमच्या खोलीत फारच साचलं बघा."... हो, माझ्या खोलीत. मी म्हटलं, काका, माझी फिजिओथेरपीची खोली वर, तळमजल्यावर. दारातून शिरलं की उजव्या हाताला. खाली नुसतं पार्किंग. मग त्यांनी नळकांड्यातून नकाशा काढला. नवा.

...

हो, तोच.

थांब, मला सांगू दे. माझ्या जागी मेडिकलचं दुकान. रॅम्प गायब, तिथे दुकानाच्या पायऱ्या. आणि फिजिओथेरपी तळघरात, जनरेटरला लागून. खिडकीसुद्धा नाही... लिफ्ट? हो, हो, लिफ्ट आहे. सकाळपासून तीनदा वीज गेली आज... अगं, जनरेटर स्वतःच पाण्यात उभा असेल तेव्हा, तो कोणाला उचलणार? माझ्याकडे ते गणिताचे सर येतात ना, अर्धांगवायू झालेले. तीन पायऱ्या चढायला त्यांना अकरा मिनिटं लागतात. त्यातली चार मिनिटं ते माझी माफी मागतात, उशीर होतोय म्हणून. त्यांना मी त्या बोगद्यात उतरवू?

दादाचं काय म्हणणं?... दुकानाला दर्शनी जागा लागते. बरोबर आहे. लंगडणारी माणसं कुठे दर्शनी असतात.

छोटे, त्या नकाशाच्या खाली तीन चौकटी आहेत. एकीत दादाची सही. दुसरीत तुझी, ती लांब शेपटीवाली. तारीख एकवीस दिवसांपूर्वीची... सांगणार होतीस. कधी? एकवीस दिवस आपण रोज बोलतोय. मी तुला माझ्या खोलीच्या टाइल्स विचारत होते. तू म्हणालीस, फिका हिरवा घे ताई, उन्हात छान दिसेल.

...

रडू नकोस. इथे पाणी पुरेसं आहे.

माझी चौकट कधी भरून घेणार होतात?... रविवारी. अच्छा. दहा कागदांत हा एक सरकवून. म्हणजे आई चार-चारदा फोन करून जेवायला बोलवत होती, ती त्यासाठी... आईलाही माहीत होतं?... विषय बदलू नकोस. आईला माहीत होतं का, एवढंच सांग.

...

हं.

नाही, ओरडत नाहीये. पाऊस वाढलाय म्हणून.

काय करणार? केलं. काकांचं पेन घेतलं आणि चौकटीत 'मला मान्य नाही' असं लिहिलं. खाली नाव, तारीख. फोटो काढून आर्किटेक्टला पाठवलासुद्धा. जागा तिघांच्या नावावर आहे. तळमजल्याची भिंत माझ्या सहीशिवाय उठणार नाही, हे काकांना तोंडावर सांगितलंय... चिडू दे ना दादाला. खुशाल चिडू दे.

...कोण खोकलं?

छोटे, कोण आहे तिथे?... स्पीकरवर ठेवलायस?... कधीपासून?

...

बरं. दादा, ऐकतोयस ना? मग तुलाच सांगते. चौदा वर्षं झाली, हाडं तू जोडतोस आणि माणसं मी चालवते. लोक तुझ्या हाताचे गुण गातात, गाऊ देत, मी कधी मध्ये बोलले नाही. पण मला विचारायचंस तरी. समोर बसवून, तोंडाने. मी नाही म्हटलं असतं, कडाकडा भांडले असते, हे तुला माहीत होतं. म्हणून आईच्या हाताने ताट मांडून सही घ्यायची... नाही, आईला मध्ये मी नाही आणलं. तू आणलंस.

त्या तळघरात एकदा तरी उतरलायस का तू?... पाऊस असू दे, त्याच्या आधी?

...

हॅलो? ठेवलास का?... आहेस. मग बोल ना काहीतरी.

काय?... परत सांग, ऐकू नाही आलं.

पंप. मोठा पंप बसवून घेऊ.

...

पंप मी सकाळीच लावलाय, दादा. डिझेलवरचा. साडेसातपासून चालू आहे... नाही, पाणी अजून बोटभरही उतरलं नाही. ठेवते.